धाऊकाका कधी प्यायला नाही

गोजरकाकीबद्दल मी याआधी एकदा लिहिलं आहे. अर्धं पान होतं, छापूनही आलं, आणि त्यातलं जवळजवळ सगळं खोटं होतं. आता एकतिसाव्या वर्षी पुन्हा लिहायला बसलोय ते लेखक व्हायची हौस आली म्हणून नाही. लाज वाटते म्हणून लिहितोय. ती इतक्या उशिरा वाटली, याची आणखी वेगळी लाज वाटते.

तर आधी खरं ते सांगतो. गोजरकाकी म्हसा गावाकडची. लग्न होऊन शहापूर-मुरबाडच्या मधल्या आमच्या पाड्यावर आली. घरचं भात सहा महिने पुरायचं, बाकीचं रानावर. पावसाळ्याच्या तोंडाला ती शेवळं काढून शहापूरच्या बाजारात विकायला बसायची. शेवळाची भाजी नुसती केली तर खाजते, घसा धरते, म्हणून त्यात काकडं नावाची आंबट फळं घालतात. इतर बायका काकडं वेगळी विकायच्या. काकी जुडीबरोबर मूठभर तशीच द्यायची आणि वर गिऱ्हाइकाला बजावायची, "ही जुडी कालची हाय हां ताई, आजची ती बाजूची." गिऱ्हाईक आजची उचलून जायचं आणि कालची काकीबरोबर घरी परत यायची. धाऊकाका, तिचा नवरा, जेवताना म्हणायचा, "ही बाजारात खरं बोलते नि शिळं मी खातो."

धाऊकाका तानसाच्या पाइपलाइनवर रोजंदारीला जायचा. त्याचा बाप दारूनं गेलेला, त्यामुळे त्यानं कधी थेंब घेतला नाही. हळदीला सगळे झिंगलेले असताना हा कोपऱ्यात बसून काळा चहा प्यायचा, एकामागून एक चार कप. पाड्यात त्याला चहावाला धाऊच म्हणायचे. त्याचा धाकटा भाऊ महादू मात्र पिणारा. तो सगळ्यांना सांगायचा, "माझी वाटणी मी पितो नि दादाची पण मीच पितो. असा भाऊ मिळायला नशीब लागतं." भावावर त्याचा फार जीव होता.

आणि या धाऊकाकाला कावीळ झाली. झाडपाल्यात पंधरा दिवस गेले. तेव्हा प्रणित ब्रदर आमच्याकडे नवे नवे येत होते. कल्याणच्या एका ख्रिस्ती संस्थेचे प्रचारक, जुनी मोटारसायकल, खांद्याला पिशवी. लोक त्यांना दारातूनच वाटेला लावायचे. त्यांनी धाऊकाकाला मागे बसवलं, पडू नये म्हणून काकीच्या लुगड्यानं आपल्या पाठीला बांधलं आणि शहापूरला सरकारी दवाखान्यात नेलं. चार दिवस तिथे बाकड्यावर झोपले. पाचव्या दिवशी धाऊकाका गेला.

सुतकाच्या घरी आमच्यात बाहेरचं कुणी जेवत नाही, पाणीसुद्धा घेत नाही. ब्रदर तिसऱ्या दिवशी आले, चुलीपाशी बसले आणि म्हणाले, "ताई, भूक लागलीय." काकीनं भात वाढला. त्यांनी खाल्ला, पुन्हा मागून घेतला. त्या रविवारपासून काकी त्यांच्या प्रार्थनासभेला जायला लागली. का जातेस म्हणून कुणी विचारलं की ती एवढंच सांगायची, "धाऊ वाचला नाय. पण तो मानूस माज्या घरात भात जेवला."

काकीच्या पाठोपाठ पाड्यातले बरेच आले. टेकाडाखाली पत्र्याची शेड उभी राहिली. रविवारी चाळीस माणसं व्हायची. गाणी, प्रार्थना, मग साक्षीची वेळ. साक्ष म्हणजे आपल्याला देवाचा काय अनुभव आला ते उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं, आणि सांगून झालं की बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. मी बारावी झालेला, अक्षर बरं, वाचायला खणखणीत आवाज. शास्त्र, म्हणजे बायबल, मी वाचायचो, डफ मी वाजवायचो आणि लोकांच्या साक्षी कागदावर उतरवून कल्याणला पाठवायचं कामही माझ्याकडेच होतं. एकोणिसाव्या वर्षी एवढा मान मिळाल्यावर डोकं जागेवर राहत नाही. माझं राहिलं नव्हतं.

काकीची साक्ष मी तिच्या तोंडची होती तशी लिहिली. ब्रदर ती वाचून म्हणाले, "अनिल, माणूस तर गेला. हे वाचून कुणाला काय बळ मिळणार? बघ जरा." एवढंच म्हणाले. बाकीचं मी केलं. मी घरी येऊन लिहिलं की माझा नवरा धाऊ दारुडा होता, मला रोज मारायचा, दारूनं त्याचं काळीज सडलं. काकीच्या कपाळावर एक व्रण आहे, लहानपणी मोळी घेऊन घसरली होती त्याचा. साक्षीबरोबर पाठवायला काढलेल्या फोटोत तो स्पष्ट दिसत होता. मी लिहिलं, "त्या मारहाणीची खूण आजही माझ्या कपाळावर आहे." हे वाक्य सुचलं तेव्हा मी स्वतःवर खूश झालो होतो. शेवटी लिहिलं, आता प्रभूनं मला शांती दिली, आमेन.

नाताळात संस्थेची कॅलेंडरं आली. एप्रिलच्या पानावर काकीचा फोटो आणि खाली माझं ते अर्धं पान, शब्दही न बदलता. गठ्ठा माझ्याच हातात आला होता. तो चुलीत घालता आला असता. पण आपलं लिहिलेलं छापलंय म्हणून मी ते पान दोनदा वाचलं आणि कॅलेंडरं घरोघर वाटली.

काकीला वाचता येत नव्हतं. आपला फोटो बघून ती लाजली, पदरानं पान पुसलं. "काय लिवलंय रे? वाच की." मी पान समोर धरलं आणि वाचल्यासारखं करून तिचीच जुनी साक्ष तिला ऐकवली. धाऊ वाचला नाही, पण तो माणूस माझ्या घरात भात जेवला. तिचे डोळे भरून आले. डिसेंबर असून तिनं कॅलेंडरचं एप्रिलचं पान काढून भिंतीला लावलं.

पाड्यातली शाळेत जाणारी पोरं वाचू शकत होती, हे माझ्या हुशार डोक्यात आलंच नाही. दुसऱ्याच रविवारी सभा चालू असताना महादूकाका शेडमध्ये शिरला. एका हातात काठी, दुसऱ्यात ते पान. त्या दिवशी तो अजिबात प्यायलेला नव्हता. त्यानं अडखळत का होईना, पान सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं आणि काकीपुढे धरलं.

"वयनी, माज्या दादाला दारुडा केलास? हे तू सांगितलंस? का कुनी बनवून लिवलं? नाव सांग, इथंच आडवा करतो त्याला."

काकीनं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात डफ होता. एकच शब्द बोलायचा होता, "मी". तो माझ्या तोंडातून निघाला नाही. ब्रदर, "लिहिताना थोडी चूक झाली असेल," असं काहीतरी पुटपुटले. काकी माझ्याकडे बघतच होती, आणि मी डफाकडे बघायला लागलो.

मग ती महादूकाकाला म्हणाली, "मीच सांगितलं, भावजी."

वहिनीवर काठी कोण उचलणार? त्यानं काठी खाली टाकली. "दादाची तू आजपासून कोन नाय," म्हणाला आणि निघून गेला.

त्या दिवसापासून भावकीनं तिला टाकलं. लग्नाला बोलावणं नाही, पितरांना धाऊकाकाच्या नावाचं पान वाढताना तिला बोलावणं नाही. लावणीला एकमेकांकडे जायची आमच्यात रीत आहे, तिच्या शेतात कुणी उतरेना. एकटी वाकून लावायची.

सभेचंही तेव्हापासून बिनसलं. लोक म्हणायला लागले, धाऊला दारुडा केला, उद्या आपल्याला काय करतील? आधीच्या साक्षीही त्यांनी उकरून काढल्या. अमक्याची आंधळी बकरी खरंच बघायला लागली होती का? तमकीचा ताप प्रार्थनेनं गेला की गोळ्यांनी? मला विचारायचे आणि मी विषय बदलायचो. काही परत देवीला जायला लागले. तरुण पोरं वाशिंदला कंपनीत लागली, ती ना देवळात दिसत ना सभेत. "अनिल, सगळेच आपापली दुकानं चालवतात रे," असं एकानं मला चहाच्या टपरीवर सांगितलं. ब्रदरना संस्थेनं दुसरीकडे पाठवलं. चाळीसाचे वीस झाले, दहा झाले, चार झाले. मागची तीन वर्षं आम्ही दोघंच, मी आणि काकी.

ती का येते असा प्रश्न मला पडायचा. तिची भक्ती मोठी, असं मी मनाला सांगायचो. साक्षीच्या वेळी ती दर रविवारी माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मला वाटायचं, पुढचं गाणं सुरू कर म्हणतेय. मी पुस्तकात बघून गाणं सुरू करायचो.

यंदा म्हशाची जत्रा उठली त्याच आठवड्यात महादूकाका गेला. सकाळी सगळा पाडा त्याच्या अंगणात जमला होता. काकी आली आणि कुंपणाबाहेर उभी राहिली. कुणी ये म्हटलं नाही. त्याचा मुलगा दीपेश तिच्यासमोरून दोनदा गेला. तिरडी निघाली तेव्हा तिनं तिथूनच हात जोडले. मी अंगणात होतो, लाकडं काढायच्या गडबडीत असल्यासारखा. तेव्हाही मी बोललो नाही.

रविवारी ती नेहमीसारखी शेडमध्ये आली. दोन गाणी झाली, प्रार्थना झाली. साक्षीच्या वेळी मी पुस्तक उघडलं, तर ती उठून उभी राहिली. पिशवीतून तिनं घडी घातलेला कागद काढून माझ्यापुढे धरला. बारा वर्षांपूर्वीचं एप्रिलचं पान.

"वाच. छापलंय तसं वाच. त्या टायमाला वाचलंस तसं नको."

मी वाचायला लागलो. माझा नवरा धाऊ दारुडा होता. मला रोज मारायचा. मी थांबलो तर ती म्हणाली, "फुडं." कपाळाच्या व्रणापाशी आलो तेव्हा तिनं पदर सारून तो व्रण मोकळा केला. मी शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं, छापलेला आमेनसुद्धा. ती आमेन म्हणाली नाही.

"काकी, मला माफ कर."

"माज्याकडं कशाला मागतोस? भावजींना ठावं व्हतं धाऊ पीत नव्हता. त्यांना वाटलं मी खोटं बोलले. वयनी खोटारडी, हे मनात धरून ते गेले." तिनं पान माझ्या हातातून घेतलं, नीट घडी घातली आणि परत माझ्या हातात ठेवलं. "त्या दिवशी तू पोर व्हतास, तुला मारला असता, म्हनून मी बोलले. मग वाटलं, मोठा होईल नि सांगंल. दर रविवारी साक्षीला मी तुज्या तोंडाकडं बगत व्हते. चाळीस मानसं व्हती तवा बगितलं. चार व्हती तवा बगितलं. तू पुस्तकात बगायचास."

तिनं पिशवी उचलली.

"येशू माज्या घरी हाय रे. त्याच्यासाठी एवढं चालत यायची गरज नव्हती. मी तुज्यासाठी येत व्हते. आता नाय येनार."

महादूकाकाच्या दहाव्याला मी गेलो. नदीवर सगळी भावकी होती. मी पान काढलं, वाचलं, आणि म्हणालो की हे काकीनं सांगितलेलं नाही, मी माझ्या मनानं लिहिलं. धाऊकाका कधी प्यायला नाही. काकीनं मला वाचवायला अंगावर घेतलं. कुणी माझ्यावर हात उचलला नाही. उचलला असता तर बरं वाटलं असतं. दीपेशनं डोकं भादरून घेतलेलं होतं, ओल्या अंगानंच तो माझ्यापुढे आला.

"मागच्या महिन्यात बाबा अंथरुणावर व्हते. तू त्यांना बघायला आला व्हतास ना? बिस्किटचा पुडा घेऊन?"

"आलो होतो."

"अर्धा तास बसलास. तवा का नाय बोललास?"

तो माझ्या उत्तरासाठी थांबला नाही, काकीला आणायला तसाच ओल्या धोतरावर तिच्या घराकडे गेला. काकी आली. महादूकाकाच्या अंगणात बायकांनी तिला मध्ये बसवलं आणि पहिलं पान तिला वाढलं. महादूकाकाच्या पानाबरोबर धाऊकाकाच्या नावाचंही पान कावळ्यासाठी बाहेर ठेवायचं होतं, ते दीपेशनं तिच्याच हातात दिलं. मी लांबून एवढं बघितलं आणि घरी आलो.

शेडची किल्ली अजून माझ्याकडे आहे. रविवारी मी उघडतो, झाडतो, एक गाणं म्हणतो. साक्षीची वेळ झाली की मी आता पुस्तक मिटतो आणि मान वर करतो. समोर कुणी बसलेलं नसतं.