चारांतल्या दोन वाटा

इस्पितळाच्या तळघरात दोन खोल्या होत्या आणि त्या दोन्हींत मिळून एक माणूस काम करीत असे. बोळाच्या अलीकडच्या टोकाला त्याचे टेबल, खुर्ची आणि पडदा. पलीकडच्या टोकाला यंत्रांची कपाटे, म्हणजे रॅक, आणि पंख्यांचा अखंड घोंघाट. रॅकच्या मागे तोंडात टॉर्च धरून वाकणाऱ्या या माणसाला 'कंदील' हे नाव कोणी दिले, याबद्दल दोन मते होती. पण ते श्रेय घेणारे दोघेही आता नोकरीत नसल्यामुळे वाद मिटवायला कोणी उरले नव्हते, आणि नाव तेवढे उरले होते.

वरच्या मजल्यांवर डॉक्टर ज्या प्रतिमा पाहत, म्हणजे कुणाचे मोडलेले हाड, कुणाची छाती, कुणाच्या डोक्यातली गाठ, त्या सगळ्या खाली एका मोठ्या स्टोरेजमध्ये साठवलेल्या होत्या. त्या दाखवणाऱ्या सर्व्हरला स्टोरेजपर्यंत जायला चार वाटा होत्या: दोन डाव्या स्विचमधून, म्हणजे केबली एकत्र जोडणाऱ्या यंत्रातून, दोन उजव्या. एखादी वाट पडली तर उरलेल्या भार उचलत आणि वर कुणाला पत्ताही लागत नसे. रचनेची थोरवी हीच होती, आणि धोकाही हाच. अर्धे अंग लुळे पडले तरी चेहऱ्यावर काही दिसत नाही, असा हा रोगी होता.

गेला आठवडाभर डावीकडच्या दोन्ही वाटा मरत होत्या. तेवढ्याने कंदील घाबरला नसता. पण आज सकाळी उजव्या स्विचचा पंखा बंद पडला आणि स्विच तापू लागला. नवा स्विच खोक्यात तयार होता. मात्र तो बसवायचा तर जुना बंद करावा लागणार, आणि तेवढा वेळ सगळे इस्पितळ डाव्या बाजूवर विसंबून राहणार.

विभागप्रमुख मॅडम स्वतः खाली आल्या.

"चार वाजता शस्त्रक्रिया संपतात. तेव्हा उजवा बदलून टाकू. डावा तेवढा तग धरेल ना?"

"धरेल असं म्हणवत नाही."

"म्हणजे नाही?"

"म्हणजे अजून माहीत नाही."

"तुमचं 'अजून माहीत नाही' घेऊन मी वर काय सांगू? अपघात विभाग तर चालूच असणार. ऐन वेळी पडदा काळा झाला तर? आणि थांबलो, तर उजवा आपणहून मरेल." त्या जिन्याकडे वळल्या. "जेवणाच्या सुट्टीनंतर मला हो किंवा नाही हवंय. आणि माणूस मागू नका, वर माझ्याकडेही कुणी नाही."

"मागितला नाही," कंदील म्हणाला. ते खरे होते. त्याने मागणे सोडूनच दिले होते.

त्याने केलेल्या उपायांत कसूर नव्हती. सर्व्हरपासून डाव्या स्विचपर्यंत जाणारी, दोन्ही वाटांना सामाईक असलेली केबल त्याने काढून, पुसून पुन्हा बसवली होती. तिच्या टोकाचा प्रकाश पाठवणारा तुकडा बदलला होता. स्विचवरची जागाही बदलली होती. दर वेळी तो बोळ ओलांडून जाई, रॅकचे मागचे दार उघडी, हिरवा दिवा पाही, थंडावा वाया जाऊ नये म्हणून दार नीट लावी, आणि परत येऊन पडद्यासमोर बसेपर्यंत दोन्ही वाटा मेलेल्या असत. वाटा पडल्याच्या-उठल्याच्या नोंदी यंत्राने ठेवल्या होत्या, पण त्यांवर त्याचा विश्वास नव्हता. तो स्वतःच केबल काढत-घालत होता. आजाराच्या खुणा आणि वैद्याच्या हाताच्या खुणा एकमेकींत मिसळल्या होत्या. खरे घोडे पेंड खात होते ते बोळात. बिघाड घडे तेव्हा तो कायम बोळात असे.

हे काम मुळात दोघांचे होते. पूर्वी एक जण पडद्यासमोर बसे आणि दुसरा रॅकपाशी उभा राही. पडद्यासमोरचा सहकारी तोंडाने अशी खणखणीत शीळ घाली की ती पंख्यांच्या आवाजातूनही बोळाच्या टोकाला पोहोचे. एक शीळ म्हणजे वाट आहे, दोन म्हणजे गेली. सगळे त्याला 'शीळकर' म्हणत. खरे आडनाव पगारपत्रकापुरते होते. निवृत्त होऊन तो दूरच्या शहरात मुलीकडे राहायला गेला. त्याची जागा भरली गेली नाही. त्याची खुर्ची मात्र होती. कंदील तिच्यावर जेवणाचा डबा ठेवी.

फोन करावा की नाही यावर त्याने नको तितका वेळ घालवला. निघताना शीळकर म्हणाला होता, "फोन करत जा." सुरुवातीला कंदीलने केलाही होता, पण यंत्रांपलीकडचे बोलणे दोघांनाही जमले नाही आणि फोन आपोआप विरळ होत थांबले. आता कामासाठी करायचा म्हणजे तोंड कोणते घेऊन?

फोन मुलीने उचलला. "काका? किती दिवसांनी! थांबा हं, देते. बाबा, कंदीलकाका."

"कोण गेलं?" शीळकरने विचारले.

"अजून कुणी नाही. डावीकडचे दोन पाथ जातायत."

"तरीच. तुला माझी आठवण यायला यंत्र आजारी पडावं लागतं."

"तुझ्याकडेही फोन आहे."

"आहे की. वापरच नाही, म्हणून नवा दिसतो."

कंदीलने अडचण सांगितली. शीळकरने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही, यावरून तो किती लक्ष देऊन ऐकतो आहे ते कळत होते. मग बेत ठरला. कंदीलने मॅडमच्या कानावर घातले. पडद्यावर रुग्णाचे नाव दिसता कामा नये, एवढीच त्यांची अट होती. त्याने बाकी सगळे बंद करून वाटांच्या चार ओळीच ठेवल्या आणि आपला मोबाइल चहाच्या मगाला टेकवून पडद्याकडे रोखला. तिकडे मुलीने कामावर निघता निघता वडिलांना टॅबवर ते चित्र लावून दिले. बोलायला रॅकजवळच्या भिंतीवरचा फोन होता.

"ऐकू येतंय का?" कंदील ओरडला.

"तुझं येतंय. माझं?"

"पंख्यांत काही कळत नाही. शीळ घाल."

पलीकडून नुसती हवा आली. "कवळी बसवल्यापासून निघत नाही रे," शीळकर ओरडला, तेवढे मात्र स्पष्ट ऐकू आले. "थांब. स्टीलचा पेला आणतो. चमच्याने वाजवतो."

कंदीलने खांदा आणि कान यांच्यामध्ये रिसीव्हर दाबून धरला. दार बंद होते. टण, टण. वाटा गेलेल्या. त्याने दार उघडले. यंत्र थोड्या थोड्या वेळाने तपासणी करी, म्हणून जरा थांबावे लागले. मग टण. त्याने केबलला हात लावला नाही. नुसते दार लावले आणि थांबला.

टण, टण.

पुन्हा उघडले. टण. पुन्हा लावले. टण, टण.

"दार!" पलीकडून आरोळी आली. "अरे, दार काय करतंय?"

कंदीलने तोंडात टॉर्च धरला आणि दार अगदी हळू लोटत फटीतून पाहिले. वातानुकूलनवाल्यांनी गेल्या आठवड्यात आत एक पत्रा बसवला होता. त्या पत्र्याने केबलचा जुडगा बाहेर ढकलला होता, आणि दार मिटताना त्याची कड नेमकी त्या एका पिवळ्या केबलला चेपत होती. केबलच्या आत केसासारखी काच असते, ती वाकली की तिच्यातला प्रकाश सांडतो. जे दार तो आठवडाभर काळजीने लावत होता, तेच दुखणे होते. आणि दार भरीव पत्र्याचे असल्यामुळे दिवा विझताना त्याला एकदाही दिसला नव्हता.

त्याने चेपलेली केबल बदलली, नवी पलीकडच्या बाजूने सैल वळवून बांधली आणि दार लावले. बराच वेळ काही आले नाही. मग एकदाच, टण. दार दणक्यात लावून पाहिले. टण.

मॅडमना त्याने 'हो' कळवले. चार वाजता त्यानेच उजवा स्विच काढला. उजव्या वाटा पडल्या. डाव्यांसाठी शीळकर मिनिटामिनिटाला एक टोला देत राहिला, गरज नसतानाही. वर कुठलाही पडदा काळा झाला नाही. नवा स्विच सुरू झाला आणि चार टोले आले, सावकाश, मोजून.

कंदील बोळ ओलांडून परत आला. मोबाइलवर शीळकरचे निम्मे कपाळ आणि वरचा पंखा दिसत होता. टॅब कसा धरायचा ते त्याला कुणी सांगितले नव्हते. केस पार पांढरे झाले होते.

"चारही आहेत," शीळकर म्हणाला. मागे घरात कसलाही आवाज नव्हता.

"पाहिलं."

"मग उद्या काही बघायचं नाही?"

कंदीलने चार ओळी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचल्या. खोटे बोलण्याची त्याला सवय नव्हती. "नाही. सगळं नीट आहे."

"बरं झालं."

"हो. बरं झालं."

कपाळ हलले, टॅब उपडा झाला असावा, आणि चित्र गेले. कंदीलने मगातला गार चहा ओतून टाकला, आणि शीळकरच्या खुर्चीवरचा डबा उचलून टेबलावर ठेवला.