शिक्रा आणि ताट

शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या फोटोसाठी मी तीन रविवार पळसदरीच्या धरणाखाली, झाडपाल्याच्या रंगाचे कपडे घालून बांधावर पालथा पडलो होतो. शिक्रा वठलेल्या झाडावर उतरला, की शेजारच्या घरातली बाई उलथण्याने ताट बडवायची आणि तो उडून जायचा. तिच्या अंगणात कोंबडीची पिल्लं होती, सगळी गुलाबी रंगवलेली.

"रंगवलं की शिक्र्याला वळखू येत नाय," तिने सांगितलं. मग माझे कपडे निरखून म्हणाली, "तुमीपण रंगूनच आलाय, दादा."

चौथ्या रविवारी मी हात जोडले. "मावशी, आज पाच मिनिटं ताट वाजवू नका."

ती ताटावरच बसली. शिक्रा आला, झेपावला, वर गेला. आयुष्यात एकदाच मिळतो तसा फोटो मिळाला. पंख पसरलेले, नजर रोखलेली, नखांत गुलाबी पिल्लू.

ओशाळून मी कॅमेरा तिच्यापुढे धरला. तिने बराच वेळ पाहिलं.

"पिल्लू चांगलं आलंय," ती म्हणाली. मग ताट उचलून माझ्याकडे बघत बडवायला लागली.

शिक्रा तर केव्हाच गेला होता. मी कॅमेरा गळ्यात अडकवून उठलो.