अठ्ठ्याण्णवचा आकडा

माझी पत्नी गेली त्यानंतर भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच वाक्य म्हटलं. "शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नाही हो त्यांनी. फार सोशिक." मी मान हलवायचो. एकदोघांना तर मीच म्हणालो, "बोलायचीच नाही ती." हे खोटं होतं. ती बोलली होती, अनेकदा, आणि दर वेळी मलाच बोलली होती.

नारायण पेठेत आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. भाजी आणायला ती रोज मंडईत जायची. दारावर येते ती भाजी तिला कधी पसंत पडली नाही. ती परत आली की तिची चाहूल पहिल्या मजल्यापासून लागायची, कारण वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत बोलत ती जिना चढायची. अजूनही अकराच्या सुमारास जिन्यात कुणी बोललं की मी खुर्चीतून अर्धा उठतो.

कोरोनाच्या साथीनंतरच्या वर्षी हे बोलणं कमी झालं. आधी वरच्या जिन्यात, मग खालच्या. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती पिशवी टेकवून बसायला लागली. एकदा दारात येऊन म्हणाली, "अहो, जिन्याला कुणी पायऱ्या वाढवल्यात का?"

"सोसायटी कसली वाढवतेय! आहेत त्या दुरुस्त केल्या तरी पुष्कळ," मी म्हणालो.

साथीत घेतलेलं ते बोटाला लावायचं यंत्र आमच्या टेबलावर होतं. तेव्हा ते पुण्यात घरोघरी होतं. मी ते तिच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याण्णव. प्राणवायू उत्तम. माझी सगळी नोकरी कारखान्यात तयार मालाची मापं तपासण्यात गेली. माप बरोबर आलं की माल पास, मग कामगार काहीही सांगो. मी आकडा तिच्यासमोर धरला. "बघ. माझे सत्त्याण्णव येतात. तू माझ्यापेक्षा ठणठणीत आहेस."

"मग धाप का लागते?"

"मंडईत गप्पा मारून."

ती हसली. मला वाटलं, प्रश्न मिटला.

मग हे रोजचंच झालं. ती म्हणायची, छातीत भाता चालल्यासारखं होतं. मी यंत्र लावायचो. ती म्हणायची, उशीवर डोकं टेकलं की कानात ठोके ऐकू येतात. मी यंत्र लावायचो. तांदूळ निवडता निवडता ती कच्चे दाणे तोंडात टाकायला लागली, मूठमूठ. "कच्चे तांदूळ खाल्ले की लग्नात पाऊस पडतो म्हणतात," मी चिडवलं.

"पडू दे. चांगलं स्थळ आलं तर छत्री घेऊन उभी राहीन."

आमची मुलगी वाघोलीला असते. तिचा रोज रात्री फोन यायचा. फोन मी स्पीकरवर ठेवून माझ्याच हातात धरायचो. ती विचारायची, "आई, दमल्यासारखा का येतोय गं आवाज?" आईने तोंड उघडायच्या आत मी म्हणायचो, "आत्ताच बघितलं. अठ्ठ्याण्णव." मुलगी म्हणायची, "मग ठीके." तिच्या आईला त्यावर काही बोलायला जागाच राहायची नाही.

शेवटी ती जिन्यातच चक्कर येऊन बसली, तेव्हा आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून पाहिली. आत लाली नव्हतीच. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन असायला हवं त्याच्या निम्म्याहून कमी. मी खिशातून यंत्र काढलं. होय, मी ते बरोबर नेलं होतं. "पण यात अठ्ठ्याण्णव येतात."

"येणारच," त्या म्हणाल्या. "काका, समजा रस्त्यावरून जाणारी प्रत्येक बस भरलेली आहे. हे यंत्र तेवढंच सांगतं, बस भरली आहे की नाही. पण बसच चार उरल्या असतील तर थांब्यावरची माणसं काय करणार? प्राणवायू छातीत पुरेसा जातोय. तो हातापायांपर्यंत न्यायला रक्तच नाही. त्या तुम्हाला काही म्हणाल्या नाहीत का? धाप, ठोके, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं?"

मी पत्नीकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "नाही हो. माझ्याच लक्षात आलं नाही."

आतड्यात गाठ होती आणि तिच्यातून रक्त हळूहळू झिरपत होतं. कुणाला दिसत नव्हतं. तिला दोन बाटल्या रक्त चढवलं. संध्याकाळी दुसरी बाटली संपत आली तसा तिच्या ओठांना रंग आला आणि ती बोलायला लागली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिने शेवग्याच्या शेंगा कोवळ्या कशा ओळखायच्या ते सांगितलं. नर्सबाईंना सासर कुठलं ते विचारलं. मला म्हणाली, "शर्टाचं वरचं बटण गेलंय तुमचं, कधीपासून?" ही बाई मला कितीतरी महिन्यांनी भेटत होती. ती घरातून हरवली आहे हेच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. त्या संध्याकाळसाठी मी आज काहीही देईन. गाठ पसरलेली निघाली. पुढे ती फार काळ राहिली नाही.

डॉक्टरांपुढे तिने माझ्यासाठी उच्चारलेलं ते 'नाही हो' माझ्याकडून ऐकून मुलीने खरं मानलं. ती आईवर रागावली. तेराव्यानंतरही तिचा राग उतरला नाही. रविवारी यायची, पण आईचं कपाट उघडायला तयार नसायची. "मी रोज फोन करायचे, बाबा. एका शब्दाने सांगितलं नाही तिने मला. मी काय परकी होते?"

मेलेलं माणूस उलट उत्तर देऊ शकत नाही, आणि मी पत्नीला निरुत्तर ठेवून जगत होतो. परवाच्या रविवारी मी मुलीला समोर बसवलं आणि जे वर लिहिलं ते सगळं सांगितलं. पायऱ्या, भाता, ठोके, तांदूळ. फोन कुणाच्या हातात असायचा तेही.

तिने खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं, उठून जाईल. मग म्हणाली, "छत्री घेऊन उभी राहीन, असं म्हणाली?"

"हो."

"आणि पायऱ्या वाढवल्यात का, असं?"

"हो. दारात उभं राहून."

ती रडत होती आणि हसतही होती. तिची आई तिला परत मिळत होती. "अजून काय म्हणायची? सगळं सांगा. अगदी तिच्या शब्दांत."

मी आठवायला लागलो. एक वाक्य सापडलं, दुसरं अर्धंच. त्यापुढचं येईना. ती बोलत असायची तेव्हा मी यंत्राकडे बघत असायचो. मी मुलीला तसंच सांगितलं. ती उठली आणि आईचं कपाट उघडून त्याच्यासमोर बसली. मी दारात उभा राहिलो. ती मला ये म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही.