मोटारीचे जादा पाटे

रिकामी मोटार किती आदळते, हे तिच्या मागच्या सीटवर बसणाऱ्या बाईला विचारावं. चालवणाऱ्याला ते कळत नाही. त्याच्या हातात धरायला चाक असतं.

आमची मोटार जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली होती. सोलापुरात आमच्या यजमानांचं धान्याचं दुकान आणि वैरागला शेत. शेतातला शाळू दुकानात आणायला मोटारीची मागची सीट काढायची आणि तिथे पोती भरायची, अशी आमच्या घरची रीत. पोत्यांच्या ओझ्यानं मोटारीचं बूड रस्त्याला टेकायला लागलं, म्हणून यजमानांनी सात रस्त्याजवळच्या गॅरेजात मागच्या दोन्ही चाकांच्या कमानींना, म्हणजे स्प्रिंगांना, एकेक जादा लोखंडी पाटा घालून घेतला. पोती असली की मोटार सरळ दिसायची. पोती उतरवली की मागून उचललेली राहायची, आणि तिची कमान दगडासारखी टणक व्हायची. अशा वेळी मागची सीट परत बसवून आम्हा बायकांना न्यायचे.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी वैरागहून येताना मी त्या सीटवर होते. पाचवा महिना होता. रस्त्यावर खडी अंथरलेली, वर डांबर नव्हतं. मी एकदा म्हणाले, "जरा हळू." सासूबाई शेजारी बसून झोपल्या होत्या. पुढे माझे यजमान आणि धाकटे दीर दुकानाचं काहीतरी बोलत होते. मी पुन्हा म्हणाले नाही. त्या रात्री पोट दुखायला लागलं आणि सकाळपर्यंत सगळं संपलं.

मोटारीमुळेच गेलं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या की नेमकं कारण सांगता येत नाही. पण त्या असंही म्हणाल्या, "पुढच्या वेळी अशी आदळआपट नको." हे यजमानांच्या समोर म्हणाल्या. त्यांनी मानही डोलावली. सासूबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि विषय मिटला.

पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा दिवस राहिले. सुगीला वैरागला जाऊन मजुरांच्या भाकरी थापणं हे सुनेचं काम, ते चुकणार नव्हतं. म्हणून मी बळ धरून जेवताना विषय काढला.

"अहो, मोटार जरा खाली घेता येती का? ते जादाचे पाटे काढून?"

यजमानांनी घास तसाच हातात धरला. "आणि शाळू काय डोक्यावर आणू?"

"मग मी असंन तवा डिकीत वाळूची दोन पोती तरी टाका. वजनानं बसंल ती."

"वाळू फिरवायला पेट्रोल जाळू व्हय?"

दीर हसायला लागले. "वैनी, तुमाला गादी घालून देऊ की. न्हायतर गाडीच्या टपालाच पाळणा बांधू, झोपून जावा वैरागपतूर."

सासूबाई म्हणाल्या, "आमी बैलगाडीतनं हिंडलो गं बाई. सातव्यात सुदीक."

मी भाकरी वाढली आणि आत गेले. चुलीपुढं बसून मी एकेक काटकी मोडत होते, हे मला अजून आठवतं. जाळायला नव्हे, नुसती मोडत होते.

त्यानंतर मी आणखी दोनदा विचारलं. एकदा त्यांनी ऐकलं नाही आणि एकदा "बघू" म्हणाले.

मग दिरांचं लग्न ठरलं. मुलगी माढ्याची. साखरपुड्याला तिच्याकडची माणसं आमच्या दारात उतरली. त्यात मुलीचा मामा मोठा गमत्या होता. चहा घेता घेता त्यानं मोटारीला एक फेरी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पाव्हणं, गाडीला काय झालंय? मुंगळ्यावानी मागनं वर उचललीया. चावती का काय?"

सगळे हसले. यजमानही हसले, पण त्यांचा चेहरा उतरला होता. दिरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. वरातीला हीच मोटार फुलं लावून न्यायची होती.

दुसऱ्या दिवशी चहा व्हायच्या आत दीर मोटार घेऊन गॅरेजात गेले. दुपारी परत आले तर मोटार खाली आलेली. सुगीला परत चढवायचे म्हणून काढलेले दोन्ही पाटे गोणपाटात गुंडाळून आणले होते, ते परसात टाकले. आणखी खाली घ्या म्हणून ते मागे लागले होते म्हणे, पण मिस्त्री तयार झाला नाही. यजमान रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि तिथून मोटारीकडे बघत राहिले.

"बघ की," मला म्हणाले, "कशी बसलीया. नव्यावानी."

मी हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तो ट्रे मी त्यांच्या अंगावर कसा टाकला नाही, याचं मला आज नवल वाटतं. माझ्या पोटातल्या जिवासाठी जी मोटार दोन बोटं खाली येत नव्हती, ती एका पाहुण्याच्या हसण्यानं चार बोटं खाली आली. आणि मला ती दाखवत होते, जणू मी ती कधी पाहिलीच नव्हती.

लग्नाला त्याच मोटारीतून माढ्याला गेलो. खड्डे तेच होते, पण मोटार त्यात उतरायची आणि बाहेर यायची, आदळायची नाही. सासूबाई म्हणाल्या, "आज लई बरं वाटतंय गं." मला बरं वाटलं नाही. प्रत्येक खड्ड्यागणिक राग वाढत होता. इतकं सोपं होतं ते. एका सकाळचं काम.

लग्न झालं, फुलं निघाली. शाळू कापणीला आला तसे यजमान म्हणाले, "उद्या पाटे चढवून आणतो. परवा वैरागला जायाचं."

त्या दुपारी सासूबाई निजल्या होत्या. मागच्या बोळात घिसाड्याची बाई ओरडत चालली होती, विळी, उलथनं, खुरपं. त्यांची पालं पलीकडच्या मैदानात पडली होती. तिकडून घणाचा आवाज रोज यायचा, आणि घण तीच मारायची. मी मागचं दार उघडून तिला हाक मारली. परक्या माणसाला मी सहसा हाक मारत नसे.

तिनं गोणपाट उलगडलं आणि पाट्यावर नख वाजवून बघितलं. "कमानीचं हाय. लई चांगलं लोखंड. मालकाला इचारलंस का?"

"न्हाय."

"मग मार खाशील की."

"तू ने. एक तुला ठेव, एकाची मला विळी करून दे. पर आज तोडायचं. परत मोटारीला बसता कामा न्हाय."

तिनं माझ्या पोटाकडे बघितलं. "कितवा?"

"सहावा."

तिनं गोणपाट परत गुंडाळलं. दोन्ही पाटे खांद्यावर घेतले आणि गेली. दिवे लागायच्या आत विळीचं पातं आणून दिलं, अजून कोमट होतं.

सकाळी यजमान परसात शोधायला लागले. "पाटे कुटं गेलं?"

मी पातं आणून त्यांच्यापुढे ठेवलं. "ह्ये एक. दुसरा घिसाडणीला दिला."

त्यांनी पातं उचलून उलटसुलट बघितलं. मग माझ्याकडे. "डोकं फिरलंय का तुजं? आता नवीन घ्यावं लागतील."

"घ्या की. पर ते चढवलं तर मी त्या मोटारीत बसणार न्हाय. वैरागला भाकरी कुणी थापायच्या ते आत्ताच ठरवा."

माझा आवाज नको तितका मोठा निघाला. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. नवी जाऊ दाराआड उभी होती. यजमान काही बोलणार, तेवढ्यात दीर म्हणाले, "दादा, ऱ्हाऊ दे. हिच्या मामाचं येणंजाणं ऱ्हाणार आता. परत तेच बोलंल."

पाटे परत चढले नाहीत. शाळू त्या वर्षी दुसऱ्याच्या ट्रकमधून आला आणि कुणाचं काही अडलं नाही. मामाला घाबरून झालं ते, माझ्यासाठी नव्हे. हे मला तेव्हाही कळत होतं आणि विळीवर भाजी चिरताना रोज कळत होतं.

पावसाळ्यात मला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची. बारशाला बायका जमल्या होत्या. सासूबाई कौतुकानं सांगत होत्या, "धाकट्यानं हौसंनं गाडी खाली घेतली बगा, म्हणून सुनंला दवाखान्यात कशी अलगद नेली."

मी मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. "आत्याबाई," मी सासूबाईंना म्हणाले, "भावजींनी मामाच्या हसण्यापायी घेतली. मी तीनदा मागितलं तवा कुणी घेतली न्हाय. पहिलं लेकरू गेलं त्या टायमालाही घेतली न्हाय."

सासूबाई पाणी आणते म्हणून उठल्या. मी मुलीचं टोपरं सारखं केलं. त्या पाणी घेऊन आल्यावर मी तेच पुन्हा सांगितलं.