भावानं बदललेलं हेड
रॉकेलचा वास आला की मला शिरपूरच्या आमच्या मळ्यातली पन्नासच्या दशकातली एक दुपार आठवते. आमच्याकडे आणि केनवडला माझ्या थोरल्या भावाकडे एकाच बनावटीचे जुने डिझेल ट्रॅक्टर होते, आणि इंजिनाचं काम फक्त भावाला यायचं. त्या दुपारी त्यानं आमच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं जड लोखंडी झाकण, उतरवलं, मी ते पोत्यावर ठेवून रॉकेलनं लख्ख धुतलं. कुठे ओरखडासुद्धा नव्हता. "घरी नेऊन घासून आनतो, बाई," म्हणत तो ते आमच्याच बैलगाडीतून घेऊन गेला आणि चार दिवसांनी येऊन बसवून गेला. मी त्याला आग्रहानं जेवू घातलं. पण ऐन नांगरटीत इंजिनातून वाफेचा लोट उठला. यजमानांनी कसंबसं हेड खोललं, तर झाळून बुजवलेला जुना तडा उकललेला. ते हेड आमचं नव्हतंच, हे मी धुतलं होतं म्हणून मलाच कळलं. मी तडक केनवडला गेले. भावाचा ट्रॅक्टर शेतात धडधडत होता. "दादा, काहून केलं असं?" तो शांतपणे म्हणाला, "तुमच्याकडं बैलं तरी हायेत. मी काय केलं असतं? अन् तू थोडीच सांगशील घरी!" संध्याकाळी यजमानांनी विचारलं, "काय म्हने तुहा भाऊ?" मी म्हणाले, "आपल्याच हेडले बारीक तडा होता म्हने, त्यानंच झाळून देल्ला." आज भाऊ नाही, यजमानही नाहीत. हेड गेल्याचं दुःख केव्हाच विरलं. मी खोटं बोलेन हे त्यानं आधीच गृहीत धरलं होतं, ते मात्र अजून सलतं.