कडीला बांधलेला गमछा

कोराडीच्या वसाहतीत दाराच्या कडीला गमछा बांधलेला दिसला की त्याचा अर्थ एकच होता: घरातला माणूस रात्रपाळी करून झोपला आहे. मग बेल वाजत नसे. भाजीवाला आमच्या गल्लीत आवाज न देता पुढे जायचा. आम्ही मुलं पलीकडच्या मैदानात खेळायचो. माझे वडील वीज केंद्रात बॉयलरवर होते आणि त्यांच्या झोपेचा बंदोबस्त आईकडे होता. ती कुकरसुद्धा शेजारणीकडे नेऊन लावायची. पाहुणे आलेच तर त्यांना मागच्या अंगणात बसवून हळू आवाजात बोलायची. इतक्या वर्षांत त्यात तिची एकदाही चूक झाल्याचं मला आठवत नाही.

वडील निवृत्त झाल्यावर घर शहरात, बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये आलं. भावाचं लग्न झालं. वहिनी एका खाजगी दवाखान्यात अतिदक्षता विभागात नर्स आहे. तिला सलग रात्रपाळ्या असतात, आणि सकाळी बदली नर्स आली नाही तर पुढची पाळीही तीच करते. घरी आल्यावर मिक्सर, टीव्ही आणि आईच्या हाका यांत तिचा दिवस जायचा.

मी माहेरी गेले असताना तिने मला एक गोष्ट सांगितली. इंजेक्शन भरता भरता तिचा डोळा लागला होता. सोबतच्या नर्सने वेळीच हात धरला. मी स्वतः वर्तमानपत्रात रात्रपाळी केली आहे. माझी चूक दुसऱ्या दिवशी खुलासा छापून दुरुस्त होते. तिची होत नाही.

दुसऱ्या दिवशी ती झोपल्यावर मी वडिलांचा गमछा तिच्या खोलीच्या कडीला बांधला. आईला समजावून सांगण्याची गरज नव्हती. तो पाहून ती स्वयंपाकघरात गेली.

दुपारी वसाहतीतली आईची जुनी शेजारीण आली. गमछा दिसताच तिने चपला आवाज न करता काढल्या. वडील समोर बसलेले पाहून तिने आईला कुजबुजत विचारलं, "पोरगा बी नाईट करते काय वं?"

"पोरगा तं बँकेत आहे," आई म्हणाली. "सूनबाई झोपून राहिली."

"असं होय," पाहुणी म्हणाली. तिचा आवाज नेहमीच्या पट्टीत आला होता. "मले वाटलं कोणी ड्युटीवरून आलं."

आई उठली, गमछा सोडला, घडी करून खांद्यावर टाकला आणि दार वाजवलं. "उठ वं, पाहुणे आले. चहा टाक."

मी चहा करते म्हणाले. त्यावर आईने मला, मी माहेरपणाला आले आहे, असं सांगून बसवलं. वहिनी उठली. पाहुणीच्या पाया पडली, चहा केला, पोहे केले. वडील टीव्हीवरची बातमी पाहत होते. त्यांनी आवाज कमी केला नाही. पाहुणी गेली तेव्हा वहिनीची निघायची वेळ झाली होती.

वहिनी कामावर गेल्यावर मी आईला विचारलं, बाबांना कधी असं उठवलं होतं का?

"तुह्या बाबाची गोष्ट वेगळी होती. तिथं बॉयलर होता."

"हिच्याकडे माणसं आहेत, आई."

आईने गमछा खिळ्याला अडकवला आणि कणीक मळायला घेतली.

आता वहिनी पाळी संपल्यावर सरळ घरी येत नाही. दवाखान्यात नर्सांची कपडे बदलायची खोली आहे. तिथल्या बाकावर ती दुपारपर्यंत झोपते. उशाला पर्स, अंगावर ओढणी. "तिथं कोणी उठवत नाही, ताई," एवढंच तिने फोनवर सांगितलं. भावाला हे माहीत आहे. त्याला ही सोय बरी वाटते, कारण घरात कटकट राहिली नाही.

सून दुपारपर्यंत दिसत नाही, म्हणून शेजारपाजारच्या बायका आईला विचारतात. आई त्यांना कळवळून सांगते, "काय करता, दवाखाना सोडतच नाही पोरीले."

दवाखाना तिला सकाळीच सोडतो.