ताईसाठी एक इंग्रजी शब्द

पावडरचा डबा उघडला की मला मलकापूरचे आमचे घर आठवते. साठच्या दशकातली गोष्ट. ताईला पाहायला पाहुणे आले होते. तिच्या गालांवरचे देवीचे वण आईने पावडर थापून झाकले होते आणि ताई मान खाली घालून पाटावर बसली होती.

मी आठवीत होते. मुलाच्या मामांनी मला विचारले, "तुही बहीण कशी हाय वं? इंग्रजीत सांग."

'ब्युटिफुल' फार मोठे वाटले. वण दिसले तर हसतील. 'नाइस' तर चहालाही चालते. दाराआड आईचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी मी म्हणाले, "प्रिटी."

तेव्हा वाटले, मामा माझे इंग्रजी तपासताहेत. आज वाटते, बहिणीची किंमत ते बहिणीकडूनच ठरवून घेत होते.

ताईने मान वर केली. "कंजुषी काऊन करून राह्यली वं? ब्युटिफुल म्हन ना!"

मामांनी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडले, तोच मुलगा खळखळून हसला.

"मामा," तो म्हणाला, "आता काही इचारू नका."